काळ्या कातळाच्या पोटचा अकीक

झवेरी बाजारच्या झगमगाटात अकीकाला फारसे कोणी विचारत नाही. नवरत्नांच्या पंक्तीत त्याला पाट नाही. मात्र जवळच्याच मोहम्मद अली रोडकडे वळावे, तर तोच दगड चांदीच्या अंगठीत मानाने बसलेला दिसतो. मुसलमान बांधव त्याला बरकतीचा मानतात.

मी मराठीचा प्राध्यापक, रत्नपारखी नव्हे. ‘अकीक’ या अरबी शब्दाचा माग काढू लागलो आणि घरच्याच अंगणात येऊन पोचलो! शब्द परका, पण दगड अस्सल दख्खनी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरांवर थर पसरले. मुंबईचा काळा कातळही त्याच कुळीचा. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत पाण्याबरोबर झिरपलेली सिलिका पापुद्र्या-पापुद्र्याने साठली. म्हणून अकीक कापला की कांद्यासारखी वलये दिसतात. पोलादी सुरीचाही त्यावर ओरखडा उठत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, आपल्या पैठणहून या जातीचे दगड गाड्यांतून भडोच बंदराला जात, अशी नोंद आहे. पुढे नाव झाले ते भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणींचे आणि खंबायतच्या कारागिरांचे. खाणीतला दगड दिसायला मळकटच. तो महिनोन् महिने उन्हात वाळवून, मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. दगडातले लोह तापते आणि रंग लालबुंद होतो. ही विद्या बावा गोर या सिद्दी पिराने दिली, अशी तिकडची श्रद्धा आहे. रतनपूरजवळच त्याचा दर्गा आहे.

आता या लालीची दुसरी बाजू. दगड चाकावर घासताना सिलिकेची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस जडतो. त्यावर उतारा नाही. खंबायतला घरोघरी हे चाक चालत आले, त्यामुळे बायकामुलांच्या श्वासातही तीच धूळ! लालबाग-परळच्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगायला नको. गिरण्या बंद पडल्या, तरी कापसाच्या तंतूंनी धापा टाकणारी माणसे येथल्या चाळींनी पाहिली आहेत.

घासताना पाण्याची धार सोडली, धूळ ओढणारा पंखा लावला, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. अकीक नजर उतरवतो म्हणतात. तेव्हा वाचकहो, अंगठी घेताना रंग जरूर पारखा. पण तो दगड घासला कसा, हेही दुकानदाराला एकदा विचारा.