आर्रीगो बोइतो : कवी आणि संगीतकार

ज्याच्या अंगी संगीतरचनेचे स्वतंत्र सामर्थ्य आहे, त्याने ते बाजूस ठेवून दुसऱ्याच्या संगीतासाठी शब्द रचावेत आणि आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यातच संतोषाने वेचावीत, असा योग कलेच्या इतिहासात दुर्मिळ होय. इटलीच्या आर्रीगो बोइतोच्या चरित्रात तो आढळतो, आणि म्हणूनच अनेक मातब्बर संगीतकारांच्या चरित्रांहून मला ते अधिक मोलाचे वाटते.

लघुचित्रे रंगविणारा इटालियन पिता आणि पोलिश उमराव घराण्यातील माता यांचा हा पुत्र 24 फेब्रुवारी 1842 रोजी पादुआ येथे जन्मला व मिलानच्या संगीतविद्यालयात शिकला. विशीतच त्याला संगीतकार वेर्दीच्या एका स्तोत्रासाठी शब्द लिहिण्याचा मान मिळाला. परंतु पुढच्याच वर्षी, 1863 मध्ये, मित्र फ्रांको फाच्चो याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत त्याने वाचलेल्या कवितेत इटालियन कलेची वेदी विटाळल्याचा जो उल्लेख होता, तो आपणांसच उद्देशून आहे असे वेर्दीने मानले आणि तो सल त्याच्या मनात अनेक वर्षे राहिला.

गटेच्या 'फाउस्ट'वरील 'मेफिस्तोफेले' ही संगीतिका शब्द आणि स्वर दोन्ही आपलेच योजून बोइतोने 5 मार्च 1868 रोजी मिलानच्या स्काला रंगमंदिरात स्वतःच्या संचालनाखाली सादर केली, तेव्हा मध्यरात्र उलटेपर्यंत लांबलेल्या त्या प्रयोगात अनुकूल व प्रतिकूल पक्षांची अशी रणधुमाळी माजली की थोड्याच दिवसांत पोलिसांच्या हुकुमाने पुढील प्रयोग बंद करावे लागले. काटछाट केलेली तीच कृती 1875 मध्ये बोलोन्याच्या रसिकांनी उचलून धरली. तथापि त्याची दुसरी संगीतिका त्याच्या हयातीत रंगभूमीवर आली नाही.

1879 मध्ये प्रकाशक जुल्यो रिकोर्दी याच्या मध्यस्थीने वेर्दीपुढे 'ऑथेल्लो'चा विषय निघाला, आणि बोइतोने त्याचा मसुदा सिद्ध केला. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे ही कथा आपल्या रंगभूमीलाही परिचित आहे. शेक्सपिअरचा व्हेनिसमधील संपूर्ण पहिला अंक गाळून, त्यातील प्रेमाच्या आठवणी पुढील युगुलगीतात गुंफून, वादळात सापडलेल्या जहाजाच्या दृश्याने एकदम नाट्यारंभ करावयाचा, हा निर्णय ज्याला स्वरांची गती आतून ठाऊक आहे अशा कवीलाच सुचावा.

1884 मध्ये बोइतोला हा विषय स्वतः संगीतबद्ध करता न आल्याची खंत वाटते, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून वेर्दीने संहिता परत करण्याची तयारी दर्शविली. आपल्या शब्दांचा विपर्यास झाला आहे आणि या विषयाला संगीत द्यावयाचे ते वेर्दीनेच, असे बोइतोने निःसंदिग्धपणे कळविले. त्याच्या सबंध चरित्रात यापेक्षा थोर प्रसंग मला दिसत नाही. कारण जे तो नाकारीत होता, ते पेलण्याची त्याची पात्रता खरीखुरी होती. 'ओतेल्लो' 1887 मध्ये आणि याच जोडीचे 'फाल्स्ताफ' 1893 मध्ये रंगभूमीवर आले. दुसऱ्याच्या वेळी वेर्दी 79 वर्षांचा होता.

फाच्चो मनोविकाराने ग्रस्त झाला, तेव्हा त्याचे वेतन चालू राहावे म्हणून पार्मा संगीतविद्यालयाच्या त्याच्या संचालकपदाचा कारभार बोइतोने आपल्याकडे घेतला. 'नेरोने' ही स्वतःची संगीतिका मात्र तो दशकानुदशके लिहीत, खोडीत राहिला. 10 जून 1918 रोजी तो निवर्तला. संगीतसंचालक तोस्कानिनी आदींनी अपुरे हस्तलिखित प्रयोगक्षम केले आणि 1 मे 1924 रोजी स्कालात त्याचा प्रयोग झाला. संहितेतील पाचव्या अंकाला संगीतच नसल्याने तो चार अंकांचाच झाला.