मावळातला उतार आणि सांगवीतलं पाणी

(लेखांक सहावा)

जुलै २०२४च्या शेवटच्या आठवड्यात ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला आणि मुळा-पवनेचं पाणी सांगवी-दापोडीच्या वस्त्यांत शिरलं. पूर ओसरला की पिंपरी-चिंचवडमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, नदीत भराव टाकले. दोन, वरचे डोंगर बोडके केले. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं अर्धंच खरं आहे, आणि त्यातलं कोणतं अर्धं खरं हे नीट न पाहता आपण दरवर्षी लाखो रोपं लावतो. जंगल आपत्ती थोपवतं, पण कोणती आपत्ती आणि कुठे, याचा निवाडा या पट्ट्यात आजवर झालेला नाही.

आधी भूगोल पाहू. लोणावळ्याला वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर पुण्यात शिवाजीनगरला जेमतेम सातशे-साडेसातशे. दोन्हींत अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. म्हणजे सांगवीत चढणारं पाणी बहुतांशी सांगवीवर पडलेलं नसतंच, ते मुळशी आणि मावळातून येतं. मग तिथे दाट जंगल असतं तर पूर टळला असता का? सह्याद्रीच्या उतारावर काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. पालापाचोळा, मुळांनी केलेली भोकं, वाळवीची वारुळं यांमुळे जंगलातली माती मृगाचं आणि आर्द्रेचं पाणी छान पिते, ओढे उशिरा फुगतात, गढूळपणा कमी राहतो. पण आषाढाच्या मध्यापर्यंत ही माती गच्च भरलेली असते. त्यानंतर एका दिवसात तीन-चारशे मिलिमीटर कोसळले की जंगलाखालची जमीन आणि बोडका माळ यांतला फरक फार उरत नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय वनसंशोधन केंद्र यांनी २००५मध्ये आशियातल्या पुरांवर एक पुस्तिका काढली होती. तिचा निष्कर्ष हाच होता: लहान खोऱ्यातले लहान पूर जंगल सौम्य करतं, मोठ्या नद्यांचे मोठे पूर नाही.

हे मान्य करायला पर्यावरणप्रेमी कचरतात, पण मान्य केलेलं बरं. कारण ‘डोंगर बोडके झाले म्हणून शहर बुडालं’ हे विधान सगळ्यात सोयीचं ठरतं ते नदीपात्रात बांधकाम करणाऱ्याला. दोष आपोआप वरच्या वाडीतल्या माणसाच्या माथी जातो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार मे २०२५मध्ये पाडावे लागले. त्या बंगल्यांना वरचं कोणतंही जंगल वाचवू शकलं नसतं. चाकणच्या कारखान्यांचंही तसंच. एक हेक्टर छपरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला की पाच लाख लिटर पाणी होतं, आणि कुंपणालगतच्या झाडांच्या रांगेला ते पेलवत नाही. त्यासाठी तळं लागतं, मोकळा ओढा लागतो. पर्यावरण मंजुरी घेताना मागितला जाणारा हरितपट्टा धूळ आणि उष्मा कमी करतो. ते काम चांगलंच आहे. फक्त त्याला पूरनियंत्रण म्हणू नये.

मग जंगलाचं खरं काम कुठे आहे? उतारावर. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ला माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. भूवैज्ञानिकांनी अतिवृष्टीबरोबरच उतारावरच्या सपाटीकरणाकडे आणि पाण्याच्या अडलेल्या वाटांकडे बोट दाखवलं. पडकई, म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरं काढणं, ही या भागातली जुनी, एकमेकांच्या मदतीने हातांनी करायची रीत. तीच यंत्राने झाली की काय होतं, यावर तेव्हा बराच वाद झाला. यंत्रावर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. पण एवढं निश्चित की झाडाची मुळं वरची मीटर-दोन मीटर माती बांधून ठेवतात आणि पानांतून पाणी उडवून ती थोडी हलकी करतात. सह्याद्रीत माती पुष्कळ ठिकाणी तेवढीच असते, म्हणून इथे मुळांना किंमत आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इरशाळवाडीचा. १९ जुलै २०२३च्या रात्री ती वाडी गाडली गेली तेव्हा भोवतीचा डोंगर काही उजाड नव्हता. खरं आहे. कातळ आणि झिजलेला थर यांच्या सांध्यात पाणी साठून खोलवरून डोंगर सुटला तर मुळं तिथवर पोचत नाहीत, झाडांसकट सगळं खाली येतं. जंगलामुळे शक्यता कमी होते, शून्य होत नाही. शिवाय कोणतं झाड, हाही प्रश्न आहे. दक्षिण थायलंडमध्ये नोव्हेंबर १९८८च्या पावसात रबराची लागवड केलेले उतार घसरून गावांवर आले, आणि पुढच्या जानेवारीत त्या देशाने लाकूडतोडीवर बंदी घातली. लागवड म्हणजे जंगल नव्हे, हा धडा आपण घेतला असता तर २०१९ची ३३ कोटी वृक्षलागवड रोपांच्या आकड्यांवर मोजली गेली नसती. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून हिरवं दिसतं. पण घाटातल्या उताराला कारवी, जांभूळ, अंजन, हिरडा असं वर-खाली थरांचं रान हवं.

हिरड्याचं नाव मुद्दाम घेतलं. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम भागातली महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा विकून रोख पैसा मिळवतात. ‘पोट भरायला जमीन हवी, जंगल कोण राखणार’ या आक्षेपाचं निम्मं उत्तर या झाडात आहे. उरलेलं निम्मं हक्कात. नेपाळने १९९३च्या कायद्याने डोंगरातली रानं गावगटांच्या हाती दिली, आणि १९९२ ते २०१६ या काळात तिथलं वनक्षेत्र २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं. त्यात गाव सोडून परदेशी गेलेल्यांच्या पडीक शेतांचाही वाटा असणार. तरी सामूहिक वनहक्काची तरतूद आपल्याकडे २००६पासून आहे, ती माळीणच्या आसपासच्या गावांत आधी का वापरू नये?

पैसा चाकण-पिंपरीत आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तो पैसा उतारांवर जावा आणि त्याला दान म्हणू नये, कारण पवना आणि भामा-आसखेडच्या धरणांत गाळ कमी येणं ही खालच्यांचीच गरज आहे. मात्र मावळ हे सहज ऐकून घेणार नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. पाणी दिलं, आता उतारही द्या, असं पुन्हा खालून सांगायला जाणं निलाजरेपणाचं ठरेल. म्हणून रक्कम ग्रामसभेच्या खात्यात, दरवर्षी, रोपांच्या संख्येवर नव्हे तर राखलेल्या उतारावर मिळावी. कुंपण आणि चराईबंदी गावानेच ठरवावी.

शेवटचा आक्षेप अभियंत्यांचा: एवढा खटाटोप कशाला, धोक्यातल्या वाड्या हलवा की. हलवायलाच हव्यात. पण माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं, त्या वसाहतीचं लोकार्पण एप्रिल २०१७मध्ये झालं, आणि त्याच जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसात तिथले भराव खचले, रस्त्यांना तडे गेले. नवी वसाहतही डोंगर कापूनच उभी केली होती.