लांडगा जवळ, आपण लांब

यलोस्टोनला निघालेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न : कॅमेरा कोणता न्यावा? १९९५ साली लांडगे तिथे परत आणून सोडले. लमार खोऱ्यात पहाटे ते दिसतात, पण ठिपक्याएवढे! पार्कचा नियम असा : अस्वल-लांडग्यांपासून किमान १०० यार्ड आणि बायसन, एल्क वगैरेंपासून २५ यार्ड लांब राहायचे. फोटोसाठी मुलाबाळांसकट पुढे सरकणे जिवावर बेतू शकते. बायसन माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो.

तेव्हा महागड्या लेन्सआधी स्पॉटिंग स्कोपचा विचार करावा. अडॅप्टरने फोन त्याच्या आयपीसला जोडता येतो. फोनची लेन्स २६ मिलिमीटरची धरली, तर २० पट स्कोपमागे ती ५२० मिलिमीटरचे काम करते. ६० पटीचा मोह मात्र आवरा. ८० मिलिमीटरच्या स्कोपमधून २० पटीला ४ मिलिमीटर रुंद प्रकाशझोत बाहेर येतो, ६० पटीला जेमतेम १.३! चित्र अंधारते आणि थरथरते. भक्कम ट्रायपॉड घ्या, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि ऊन तापण्याआधी फोटो उरका.

एक स्कोप दोन-तीन कुटुंबांना सहज पुरतो. मात्र मुलांना आधी डोळे भरून पाहू द्या, फोन नंतर जोडा.