मोगल वारसायुद्ध (इ.स. १७०७-०९) आणि मराठ्यांतील दुफळी

औरंगजेब बादशहा ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ मरण पावला व खुलदाबादेस त्याचे दफन झाले. त्याबरोबरच आझमशाह, मुअज्जम आणि कामबक्ष या तीन शहाजाद्यांमध्ये गादीसाठी युद्ध पेटले. ज्यांना मोगल दरबार 'गनीम' म्हणत असे, त्या मराठ्यांनी या यादवीचा लाभ कसा घेतला, हा प्रश्न सहसा शाहूच्या सुटकेपाशी संपविला जातो. झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने आझमशाहाने शाहूला सोडले आणि मराठ्यांत फूट पाडली, असे हे सर्वपरिचित विवेचन आहे. ते खोटे नव्हे. परंतु अपुरे आहे.

फूट आधीचीच होती. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या वैरातून १६९७ मध्ये संताजीचा अंत झाला. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी लढा समर्थपणे चालविला. तथापि दूरदूर पसरलेल्या सरदारांवर गडावरून हुकमत गाजविणे अवघड होते. शत्रू समोर असेपर्यंत हे अंतर झाकले गेले. मोगली फौजा उत्तरेकडे वळताच ते उघडे पडले.

शाहूला प्रथम मिळालेले सरदार पाहावेत. वऱ्हाडकडील परसोजी भोसले, तसेच नेमाजी शिंदे यांसारखे उत्तरेकडील मोहिमांत वावरणारे पुरुष त्यात आढळतात. निष्ठेइतकाच भूगोलही येथे विचारात घ्यावा लागतो. उलट ताराबाईंनी शाहू तोतया असल्याचे सांगितले. शिवाय संभाजी महाराजांचे राज्य बुडाले, नंतरचे राज्य राजारामांनी नव्याने उभारले, असा त्यांचा दावा होता. हा युक्तिवाद आजही वाटतो तितका दुबळा नव्हता.

खाफीखानाच्या वृत्तांतात औरंगाबादचा एक उल्लेख लक्षणीय आहे. शाहू सुमारे वीस हजार स्वारांनिशी खुलदाबादेस बादशहाच्या कबरीच्या दर्शनास निघाला असता त्याच्या काही लोकांनी शहराच्या आसपास लुटालूट केली. शहरात बंदोबस्त सुरू झाला. शाहूने लूट थांबविली. मोगलांशी सलोखा ठेवू पाहणारा धनी व लुटीवर जगणारी फौज यांतील हा विसंवाद बोलका आहे.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूस मिळाला आणि पारडे फिरले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला. दरम्यान जाजऊच्या रणात आझमशाह पडला होता. आपणांस सोडणारा आश्रयदाताच नाहीसा झाल्यावर शाहूने विजयी बहादूरशाहाशी (मुअज्जमशी) जुळवून घेतले; कामबक्षाविरुद्ध नेमाजी शिंदे बादशाही पक्षात होता.

कामबक्ष जानेवारी १७०९ मध्ये मारला गेला. मग चौथाई-सरदेशमुखीसाठी शाहूतर्फे झुल्फिकारखानाने, तर ताराबाईंच्या पुत्राच्या नावे सरदेशमुखीसाठी मुनीमखानाने रदबदली केली. दरबारातील दोन अमीरांचे वैर मराठ्यांच्या दोन पक्षांना येऊन जडले आणि कोणाच्याच हाती सनद प्रत्यक्षात पडली नाही. म्हणजे यादवी दोन्ही बाजूंस होती. मोगलांच्या दुर्बलतेचे मोल मराठ्यांना त्या वेळी वसूल करता आले नाही. चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्याच्या सनदा १७१९ मध्ये आल्या. तेव्हा दिल्लीत पुन्हा कलह माजला होता, परंतु साताऱ्याच्या वतीने बोलणारा बाळाजी विश्वनाथ एकटाच होता. येसूबाईंची सुटकाही त्याच वर्षी झाली. कोल्हापूरशी तह व्हावयास मात्र १७३१ उजाडले.