पाळणाघराचा परवाना कुठे मिळतो?

रायगड जिल्ह्यातल्या वरंध गावातल्या एखाद्या बाईने ठरवले, की एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या आयांची पोरे आपल्या घरी सांभाळायची. परवाना मागायला तिने जायचे कुठे? पंचायत, तहसील, महिला व बालविकास, कुठेही विचारा. घरगुती पाळणाघरासाठी वेगळा परवाना देणारा कायदाच राज्यात नाही. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात, तीही काही तास. दीड वर्षाचे बाळ आजीच्या भरवशावर.

मग नियम चार ठिकाणांहून वेचावे लागतात. मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. पैसे घेऊन जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी बघा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत जायचे. शेतजमिनीवर उठवलेले असेल तर आधी बिनशेतीचे कागद काढा, तिथेच बहुतेकांचे अडते.

एका बाईने किती पोरे सांभाळावीत, हे यातला एकही कागद विचारत नाही. केंद्राने २०१८ मध्ये आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. मला विचाराल तर दहा रांगती पोरे एकीला फारच झाली. घरात पाच-सहा पुरेत.

आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, नोव्हेंबर २०१६ मध्ये पाळणाघरातल्या तान्ह्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, आणि परवान्याची चर्चा राज्यभर पेटली. शिक्षेची तरतूद तेव्हाही होती. बाल न्याय कायद्याचे कलम ७५ मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेतल्या माणसांना क्रौर्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. पण ते घडून गेल्यावरचे. आधी येऊन बघणारा कोणी नाही, म्हणून पोर ठेवण्याआधी आईनेच मोरी, जिना, गॅस, विहिरीचा कठडा बघून घ्यावा.

आणि घरामागचा डोंगरही. तळिये इथून जवळच. २२ जुलै २०२१ ला दरड कोसळून तिथे ८० हून अधिक माणसे गेली. घराचे कागद चोख असले म्हणजे उतार सुरक्षित असतो असे नाही. रेड अलर्टच्या दिवशी मुले कुठे हलवायची, कोणाला फोन करायचा आणि त्या दिवसाची फी घ्यायची का, हे आयांशी मे महिन्यातच बोलून घ्यावे. फीवरून पुढे वाद होतात.