बंद सदनिका आणि अडकलेले भांडवल

दुकानातील पडून राहिलेल्या मालाचा हिशेब व्यापारी दरवर्षी काटेकोरपणे मांडतो. मात्र गुंतवणूक म्हणून घेतलेली आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली सदनिका त्याला कधी पडून राहिलेला माल वाटत नाही.

देशाचे चित्रही असेच विसंगत आहे. 2011 च्या जनगणनेत शहरी भागांत सुमारे 1.1 कोटी घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरांत सुमारे 1.88 कोटी घरांची टंचाई असल्याचे सांगितले. ही टंचाई 95 टक्क्यांहून अधिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होती. याचाच अर्थ, घरे बांधली गेली, परंतु गरजवंताच्या ऐपतीची नव्हेत. जमिनीचे भाव चढे असल्याने विकासकांचा ओढा महागड्या घरांकडे राहिला. कोरोनानंतर तो अधिकच वाढला.

2016 च्या रेरा कायद्याने ग्राहकाला मोठा आधार दिला. ग्राहकांच्या रकमेपैकी 70 टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवून त्या प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवरच खर्च करणे आणि चटई क्षेत्रावर विक्री करणे बंधनकारक झाले. नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली. 2018 मध्ये दिवाळखोरी संहितेनेही घरखरेदीदारास वित्तीय धनको मानले. तथापि कायदा हक्क देतो. रखडलेली इमारत वेळेवर उभी राहीलच, याची हमी देत नाही.

आता साधे गणित पाहावे. समजा, 1 कोटीच्या सदनिकेचे वार्षिक भाडे 3 लाख आले. त्यातून मालमत्ता कर व देखभाल खर्च वजा जाता उरते ते बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाहूनही कमी. सदनिका बंद असल्यास हा खर्च पदरचाच. भाववाढीची आशा असते. पण ऐन हंगामात खरेदीला पैसा लागतो, तेव्हा ती सदनिका आठवड्याभरात विकली जात नाही. मग मालक घरात श्रीमंत आणि पेढीवर कर्जबाजारी, अशी अवस्था होते.

परिग्रह-परिमाण व्रतात श्रावकाने ज्या वस्तूंची मर्यादा बांधावयाची, त्यांत क्षेत्र आणि वास्तू आरंभीच येतात. राहण्यासाठी घर ही गरज आहे. तिसऱ्या-चौथ्या घराचा विचार करताना मात्र व्रत आणि खातेवही एकच उत्तर देतात. बंद घर निदान रास्त भाड्याने दिले, तरी भांडवल कामाला लागते आणि एका कुटुंबाला छप्पर मिळते.