पेटी, तबला आणि शेर

नागपूरच्या रेशीमबागेत सुमारे दोन हजार आसनांचे सभागृह कविवर्य सुरेश भटांच्या नावाने उभे आहे. भटांची गझल मात्र वाद्यांशिवायही मैफल जिंकत असे. १९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या या कवीला गाण्याची गोडी पेटी वाजवणाऱ्या आईमुळे लागली. आपल्या गझला ते तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर गाऊन, सादर करीत.

गझलेला हा साधेपणा मानवतो, त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. शेराची पहिली ओळ गायक पुन्हापुन्हा आळवतो, श्रोत्याला ताटकळत ठेवतो आणि मगच दुसरी ओळ उघडतो. मध्येच व्हायोलिनचा ताफा घुसला, तर ती उत्कंठाच विरून जाते!

‘मालवून टाक दीप’ हे भटांचे गीत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लताबाईंनी गायले. असे गाणे नुसत्या गिटारवर गायचे, तर लपायला जागा उरत नाही. श्वास, उच्चार, किंचित घसरलेला सूर, सगळे ऐकू येते. हुबेहूब नक्कल इथे तोकडी पडते. पट्टी आणि लय आपल्या गळ्याप्रमाणे बदलणारा टिकतो.

अमेरिकेत १९८९ साली ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ हा असाच मोजक्या, साध्या वाद्यांवरच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात १९९३ साली निर्वाणा या रॉक बँडने गायक डेव्हिड बोवीचे जुने गाणे असे गायले, की अनेक तरुणांना ते निर्वाणाचेच वाटले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी सुधीर फडके हे करीत होते: १९५५ साली पुणे आकाशवाणीवर निरनिराळ्या गायकांनी गायलेले गीतरामायण त्यांनी पुढे स्वतःच, पेटी समोर घेऊन, गावोगावी गायले.